उत्तर खालच्यानंच द्यायचं

१२ जानेवारी

चिरंजीव धाकट्या,

आशीर्वाद तर आहेतच, पण त्यांच्या आधी बातमी सांगते, कारण ती माझ्या पोटात राहत नाहीये. भिंगरी आपल्याकडे राहायला आली! ताईची लेक रे. तू गेलास तेव्हा रोज गुडघे फोडून यायची, तीच. आता तिला मोठ्या कंपनीत काम आहे आणि ते घरात बसून करता येतं म्हणे. मग ते आजीच्या घरात बसून का करू नये? ताई म्हणाली, "आई, तुला तिचा त्रास होईल." मी म्हटलं, त्रास व्हायलासुद्धा घरात माणूस लागतं, पाठव तू तिला.

तुझी खोली तिला दिली. रागावू नकोस. तुझे पाने-पकडी मी पुसून वरच्या फळीवर ठेवले आहेत, एकही हरवलेला नाही. खिडकीपाशी तिचं टेबल, टेबलावर संगणकाचे दोन पडदे, एक आडवा नि एक उभा. सकाळी केस डोक्यावर बांधते, पेन्सिल त्यात खोचते आणि बसते. दिवसभर ती पेन्सिल शोधते. मी सांगत नाही. म्हातारपणी करमणूक हवी ना काहीतरी.

हे सगळं फोनवर सांगता येत नाही. रविवारी तुझा फोन येतो, तू विचारतोस, मी सांगते, की झालं. पत्रात कसं, वाटेल तिथं वळता येतं. अक्षराला हसू नकोस, तिसरीपर्यंतचं अक्षर आहे, त्याला तेवढंच येतं. आत्ता भिंगरी खांद्यावरून डोकावून म्हणाली, "आजी, पूर्णविराम एवढे वाचवून कुठं नेणार आहेस?" आगाऊ आहे. माझ्यावर गेली आहे.

तिचं काम काय ते मी विचारलं. ज्याच्यावर ती काम करते त्याचं नाव कुबेरापासून सुरू होतं, पुढचं जिभेवर येत नाही. मला वाटलं, बँकेत आहे पोरगी. ती इतकी हसली की चहा नाकात गेला. तर तसं नाही. इस्पितळात आपण रक्त तपासायला देतो, मग निकाल फोनवर येतो ना, तो पोचवायचं काम तिची कंपनी करते. त्यामागे शेकडो बारीक बारीक कामं चालू असतात आणि एकेक काम एकेका कंटेनरमध्ये घालून ठेवतात. मी म्हटलं, म्हणजे डब्यात. ती म्हणाली, डबाच म्हण. पण काही डबे एकटे राहू शकत नाहीत, दोन-तीन मिळून एकत्र ठेवावे लागतात. त्या जुडग्याला पॉड म्हणतात. मी तेव्हा मटार सोलत बसले होते. तिनं माझ्या हातातली शेंग ओढून घेतली. "पॉड म्हणजे ही, आजी! ही बघ!"

शेंग उघडून दाखवली. एक दाणा मुख्य, तो निकाल तयार करतो. त्याच्या शेजारचा दारात उभा राहतो, बाहेरून येणाऱ्याला तोच भेटतो, निरोप आत देतो, आतला निरोप बाहेर देतो. तिसरा आतल्याची बडबड टिपून कचेरीत पाठवतो. आणि एक असतो, तो सगळ्यांच्या आधी येतो, झाडझूड करतो, सामान लावतो आणि निघून जातो. त्याचं आवरल्याशिवाय बाकीच्यांनी सुरुवात करायची नाही.

"म्हणजे मी," मी म्हटलं.

"तू कुठं निघून जातेस?" ती म्हणाली.

सगळ्या दाण्यांचा पत्ता एकच असतो, मधली फळीपण एकच. एकानं फळीवर ठेवावं, दुसऱ्यानं उचलावं. आपल्याच घरासारखं. आणि या हजार शेंगांवर एक मुकादम. तो फिरत राहतो, कुठली शेंग वाळली ते बघतो आणि तिथं नवी लावतो. मी विचारलं, पगार किती त्याला? तर म्हणे, "आजी, तो माणूस नाही गं, तोही प्रोग्रामच." म्हटलं, बरं आहे, जेवायला घालायला नको.

तुझे बाबा बरे आहेत. हल्ली जरा गप्प असतात, पण ते बोलके कधी होते? बिजागऱ्यांना तेल देतात. सगळ्या बिजागऱ्यांना, रोज. घरातलं एकही दार आता वाजत नाही. परवा तर गंमतच केली. कपाटासमोर उभे राहिले, भिंतीवर अंगठा दाबला आणि वाट बघत राहिले. मी म्हटलं, काय करताय? म्हणाले, "खाली अडकली असेल." जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्यावर माणूस कपाटाकडूनही तीच अपेक्षा करणार! भिंगरीला ते ताई समजतात. तीही "हो बाबा" म्हणते. दिसते तशीच, त्यांचा काय दोष.

तुझा फोन आला की अजून तेच नाटक चालतं हं. ताईनं तुझ्या फोनाला वेगळी घंटा लावून दिली होती, ती वाजली की यांचा हात रेडिओकडे. बटण फिरवून आवाज अगदी बारीक करतात, भिंतीकडे बघत बसतात आणि एकेक शब्द कानात साठवतात. फोन ठेवला की विचारतात, "कोण होतं?" जसं काही यांना कळलंच नाही.

एप्रिलात सुट्टी मिळेल का बघतो म्हणाला होतास. बघ. कुणी काही म्हणणार नाही तुला.

तुझी आई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र टाकायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. भिंगरी तिकडे तिच्या मुकादमाशी भांडते आहे, हे झोपलेत, ऊन अंगावर आलं आहे. मागच्या पत्रात मी तुला गंमत म्हणून सांगितलं. ती गंमत नाही.

"कोण होतं?" हे पूर्वी नाटक होतं. आता त्यांना खरंच माहीत नसतं.

मागच्या वर्षी सुरू झालं. आधी पान्यांची नावं गेली. मग रस्ते गेले. डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो काढला, पडद्यावर लावला, मला बोटानं दाखवलं, की इथं आणि इथं आता काही उरलेलं नाही. मला तर सगळं ढगासारखं दिसलं. यांना मात्र तेव्हा कळत होतं. घरी आल्यावर बूट न काढता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "धाकट्याला कळवायचं नाही."

मी म्हटलं, असं कसं? मुलगा आहे तो.

"त्याला यायचं असेल तर भांडायला येऊ दे. बघायला नको."

माझ्याकडून, ताईकडून, भिंगरीकडून, सगळ्यांकडून वचन घेतलं. ताई त्यांच्यासारखीच, एकदा हो म्हटलं की विषय बंद. आणि आता ज्यांनी वचन घेतलं त्यांना ते आठवत नाही, आम्ही तिघी मात्र पाळत बसलो आहोत.

दर रविवारी तू विचारतोस, "बाबा कसे आहेत?" मी म्हणते, "ठीक आहे सगळं. तू जेवलास का? जपून राहा." हे शेजारीच बसलेले असतात. तू चेहरा दिसणारा फोन कधी करत नाहीस, चुकून मागं ते दिसतील म्हणून. तुझा तो राग माझ्या पथ्यावर पडतो बघ. तू विचारतोस त्यांना, उत्तर देते मी. किती वर्षं हेच चाललंय. ते धडधाकट होते तेव्हाही हेच चालत होतं, म्हणून तर तुला फरक कळत नाही.

आज बसल्या बसल्या तो दिवस आठवला. आठवायचं नव्हतं. सात मजली इमारतीतली लिफ्ट, हे वर मशीनखोलीत, तू तळमजल्याच्या दारात, आणि तुमचा जोडीदार खाली खड्ड्यात. यांचा नियम काय होता ते तुला सांगायला नको. वरून विचारायचं, "खाली मोकळं?" आणि जो खाली आहे त्यानंच ओरडायचं, "मोकळं!" दुसऱ्या कुणी नाही. बघणाऱ्यानं नाही, मालकानं नाही, देव आला तरी देवानं नाही. उत्तर खालच्यानंच द्यायचं. जेवताना, लग्नात, कुठंही गप्पा निघाल्या की हे हाच नियम सांगायचे. लोक कंटाळायचे.

त्या दिवशी वरून हाक आली. जोडीदार बाहेर येतच होता, तू बघितलंस, तुला वाटलं आलाच, आणि तू ओरडलास, "मोकळं!" यांनी लिफ्ट हलवली आणि त्याची दोन बोटं गेली. त्या बिचाऱ्यानं तुला माफ केलं, दवाखान्यातच केलं. यांनी नाही केलं. "जो दुसऱ्याच्या वतीनं हो म्हणतो त्याला माझ्या कामावर जागा नाही." तू पाने इथंच टाकून गेलास.

आज यांच्या बुटांच्या नाड्या बांधताना ते माझ्याकडे बघून हसले, परक्या बाईकडे बघून हसतात तसं, अगदी अदबीनं. म्हणाले, "तुमचे फार उपकार झाले." इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं मला कधी 'आभारी आहे' म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, उपकार कसले, घरचंच आहे. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

हे मी तुला रविवारी सांगणार नाही. रविवारी ठीक आहे सगळं.


४ मार्च

धाकट्या,

भिंगरीच्या कामात मोठा घोटाळा झाला. हेही पत्र ठेवूनच देणार आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सकाळचा चहा घेऊन तिच्या खोलीत गेले तर ही पांढरी फटक. पेन्सिल केसातच. पडद्यावर तिची मोठी बाई बोलत होती. त्या बाईला मी ओळखते, एकदा पडद्यातूनच तिनं मला नमस्कार केला होता, चांगली आहे. पण आज आवाज चढलेला. निकाल जात नव्हते! काल संध्याकाळपासून इस्पितळांतून एकही निकाल कुणाला पोचला नव्हता. एका माणसाची शस्त्रक्रिया खोळंबली, कारण रक्ताचा निकाल कुठंतरी अडकला. आणि भिंगरीच्या पडद्यावर सगळं हिरवंगार! हिरवं म्हणजे ठीक. सगळ्या शेंगा हिरव्या.

दुपारी सुरळीत झाल्यावर ती स्वयंपाकघरात येऊन खालीच बसली, भिंतीला टेकून. डोळे सुजलेले. मी विचारलं, झालं काय?

"आजी, चूक माझी होती. मुकादम फिरतो ना, तो प्रत्येक शेंगेला विचारतो, आहेस का? उत्तर आलं नाही की तो तिला पाडून नव्यानं उभी करतो. हा प्रश्न कुठल्या दारावर विचारायचा ते आम्ही लिहून द्यायचं असतं. ते मी लिहिलं होतं."

"मग?"

"शेंगेचा पत्ता एकच असतो, सांगितलं होतं ना तुला. मी जे दार लिहिलं, तिथं दारातला मदतनीस उभा होता. मुकादम विचारायचा, आहेस का? आणि मदतनीस म्हणायचा, आहे. तो होताच की. आतला मुख्य दाणा केव्हाचा निपचित पडला होता."

बटाटा हातात तसाच राहिला.

"खोटं बोलला तो?" मी विचारलं.

"नाही गं. त्याला विचारलं तर तो स्वतःचंच सांगणार ना. तो छान चालू होता. तोच छान चालू होता म्हणून तर कुणाला काही कळलं नाही. तो आधीच कोसळला असता तर मुकादमाला कळलं असतं, कुणीतरी धावून आलं असतं."

अरे, ही पोर नाक पुसत तिच्या कामाबद्दल बोलत होती आणि मला मात्र चोर पकडल्यासारखं झालं. मग तिलाही कळलं बहुतेक. बोलता बोलता थांबली. बाहेरच्या खोलीत हे बिजागरीला तेल देत होते, तेलाच्या डब्याचा टिकटिक आवाज येत होता.

"मग आता काय केलंस?" मी विचारलं.

"दार बदललं. आता प्रश्न थेट मुख्य दाण्याला. मदतनीसानं मध्ये बोलायचं नाही." आणखीही काही म्हणाली. मोठ्या बाईनं बजावलंय म्हणे की आतल्यालासुद्धा नुसतं 'आहेस का' विचारून भागणार नाही, त्याला बारीकसं काम सांगून बघ, कारण हातपाय गेले तरी तोंडानं 'आहे' म्हणत राहणारेही असतात. ते मी नीट ऐकलं नाही. माझं लक्ष त्या टिकटिकीकडे होतं.

मी तिला एकच विचारलं. "मुख्य दाणा संपला की त्या मदतनीसाचं काय करतात?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. "मुकादम आवरायला थोडा वेळ देतो, आजी. आधी मुख्य आवरतो. मदतनीस शेवटपर्यंत थांबतो, त्याच्यामागून बंद होतो." मग म्हणाली, "चहा करू?" इतका गोड चहा केला की पिववेना. प्यायले.

मी ठरवलं आहे. येत्या रविवारी तुझा फोन आला की मी बोलणार नाही. यांच्या हातात देणार. वचन मोडत नाहीये, मी एक अक्षर सांगणार नाही. तू विचार, तुला कळेल. कळलं की तू येशील.


९ मार्च

धाकट्या, आज थोडंच लिहिते.

घंटा वाजली. यांनी रेडिओ बारीक केला. मी फोन उचलला नि यांच्या कानाला लावला. भिंगरी दारात येऊन उभी राहिली. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, तुझं सगळं ऐकू येत होतं. तू म्हणालास, "आई?" मग इकडून कुणी बोलेना, तेव्हा तू म्हणालास, "हॅलो? आई?" आणि मग अगदी हळू, "बाबा?"

माझ्या मनात, आता गप्प राहतील. तुला शंका येईल आणि तू विचारशील.

हे ताठ बसले. घसा साफ केला. आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "ठीक आहे सगळं. तू जेवलास का? जपून राहा."

आणि फोन माझ्या हातात दिला.

तू रडत होतास. मला म्हणालास, "आई, बाबांनी मला जेवलास का विचारलं. आई, ऐकलंस तू?" मी म्हटलं, हो रे राजा, ऐकलं. तू म्हणालास, किती छान आवाज आहे, अजून तसाच आहे, मीच वेड्यासारखा घाबरत होतो. म्हणालास, आता एप्रिलात घाईघाईनं दोन दिवस नाही येत, पुढच्या वर्षी महिनाभर सुट्टी काढतो, बायकोमुलांना घेऊन येतो, बाबांच्या हाताखाली पुन्हा पाना धरतो.

मी म्हटलं, ये.

फोन ठेवल्यावर यांनी विचारलं, "कोण होतं?"


१५ मार्च

चिरंजीव धाकट्या,

हे पत्र टाकते आहे, आणि मागची तीन न टाकलेलीही यात घातली आहेत. ती आधी वाच. मग पुढचं वाच. बसून वाच.

आठवडाभर मी तुझा आवाज ऐकते आहे. आमच्या घरात इतका आनंद कुणी कित्येक वर्षांत केला नव्हता. भाजी चिरताना ऐकू येतो, यांना भरवताना ऐकू येतो. भिंगरीला म्हटलं, राहू दे ना त्याच्याकडे. बापानं माफ केलं असं समजून आनंदात आहे लेकरू. मी काय म्हणून हिसकावून घेऊ? ती म्हणाली, "आजी, मामाचा पडदा हिरवा आहे." एवढंच म्हणाली आणि गेली तिच्या खोलीत. आगाऊ आहे म्हटलं होतं ना तुला.

तेव्हा वचन मोडून सांगते. त्या रविवारी तुझ्याशी जे बोललं ते बाबा नव्हते. ते माझे शब्द होते. दर रविवारी यांच्या कानाशी बसून मी तेच म्हणत आले, त्याच चालीत, त्याच क्रमानं. बाकी सगळं पुसलं गेलं आणि तेवढं राहिलं. फोन कानाला लागला की हे म्हणायचं, एवढं त्यांना कळतं. भिंगरीनं दुसऱ्या दिवशी करून बघितलं. तिच्या मोठ्या बाईचा फोन यांच्या कानाला लावला. त्या बाईलाही विचारलं त्यांनी, तू जेवलास का. ती बिचारी म्हणाली, हो आजोबा, जेवले.

पुढच्या वर्षाचं बोलू नकोस. डॉक्टरीणबाई पुढच्या वर्षाचं बोलत नाहीत. आता घास तोंडात घेतल्यावर गिळायचं विसरतात. गळ्यावर हात फिरवून आठवण करून द्यावी लागते. मुकादमानं आवरायला वेळ दिला आहे, तोच चालू आहे. त्यातला बराचसा मी ठीक आहे म्हणण्यात घालवला.

तुला त्यांनी ज्यासाठी हाकललं तेच मी वर्षभर त्यांच्या शेजारी बसून केलं. खालून उत्तर येत नव्हतं आणि मी दारातून ओरडत होते, मोकळं, मोकळं. मला त्यांनी नाही हाकललं. उलट उपकार मानले. तेव्हा त्यांच्या त्या नियमाचं ओझं आता खाली ठेव. बाप नीट असता तर मीच भांडले असते तुझ्या बाजूनं. मीच सगळं पुढं ढकलत राहिले, आणि ज्यांच्याशी भांडायचं तेच निघून गेले, खुर्चीत बसल्या बसल्या.

आता एक शेवटचं. तुझ्याकडून जे काढून घेतलं त्याच्या बदल्यात देण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.

महिनाभर झाला, रेडिओतले सेल मी काढून टाकले. बोलणाऱ्यांचे आवाज ऐकून हे घाबरायला लागले होते, खोलीत कोण शिरलं म्हणून शोधायचे. रेडिओ मुका झाला आहे, नुसता फळीवर आहे. दिवसभर हे त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. ताईचा फोन वाजतो, बघत नाहीत. दवाखान्याचा वाजतो, बघत नाहीत. पण तुझी घंटा वाजली की यांचा हात उठतो. थरथरत बटणापाशी जातो. मुक्या रेडिओचा आवाज बारीक करतात, अगदी बंद होईतो, आणि मान जराशी माझ्याकडे वळवून ऐकत बसतात.

हे त्यांना मी शिकवलेलं नाही, भिंगरीनंही नाही. माझं नाव गेलं, पान्यांची नावं गेली, गिळायचं विसरले, आणि हे राहिलं. हे खालून आलेलं उत्तर आहे, धाकट्या. मी मध्ये बोललेले नाही.

तू ये. येताना रस्त्यातून फोन लावून तुझी घंटा वाजव आणि दार उघडून आत ये. कसे आहेत म्हणून आधी मला विचारू नकोस. माझी जीभ पुन्हा ठीक आहे म्हणेल.

तुझी आई